पऱ्हाटीचा आडोसा

८ नोव्हेंबर १९५६
नव्या शाळेच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या. दोन खोल्या, वर पत्रे. देवळाच्या ओसरीत पाच वर्ग कोंबून शिकवणं संपेल एकदाचं. हेडमास्तरांना विचारलं, मुलींसाठी आडोसा कुठं?
"बाई, पोरी शिकायला येतात ना?" हसले.
मी शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट घेत न्हाई, हे त्यांना काय सांगायचं.

२१ नोव्हें.
सरपंचांकडे गेल्ते. 'संडास' शब्द तोंडातून निघेना. मी 'मुलींची सोय' एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं पिण्याचं पाणी. "दोन रांजण देऊ की, बाई!" आभार मानून परत. स्वतःचाच संताप.

३ डिसें.
कमल आठ दिवस नाही. पाचवीतली, गणितात सगळ्या पोरांच्या पुढं. घरी गेले. आई भाकरी थापत होती. "शहाणी झाली ती आता. शाळेमागं मोकळं रान, पोरं झाडावर बसून बघतात. मंग कशी धाडू?"


१० फेब्रु. ५७
रविवार. महिन्यापासून वर्ग नव्या शाळेत भरतायत. कापूस वेचून झालेला, कमलच्या आईनं पऱ्हाट्या उपटून ठेवल्या होत्या. तिच्या शेजारणी तिघी आल्या. पाचजणींनी मिळून नव्या शाळेमागं पऱ्हाट्यांचा चौफेर कूड उभा केला, दाराला गोणपाट. आत खड्डा, राखेची पाटी. वाकडातिकडा, पण पुरुषभर उंच. हात सोलून निघाले.

११ फेब्रु.
कमल आली! आणखी दोघी.

५ मार्च
शाळेचं उद्‌घाटन. भोकरदनचे शाळा तपासणीचे साहेब येणार म्हणून लवकर गेले. कूड नाही. काळी राख. पहाटे शिपायानं पेटवला. हेडमास्तर म्हणाले, "साहेब मागनं चक्कर मारतील. बरं दिसत न्हाई ते."
मुलींना स्वागतगीताला पुढं उभं केलं. साहेब दोन तास उशिरा. ऊन. कमल सारखी माझ्याकडे बघत होती. मला कळलं होतं. रांग मोडायची नाही असं हेडमास्तरांनी बजावलेलं, म्हणून मी नजर वळवली.
गाणं अर्ध्यावर असताना ती पळाली. परकर ओला. पोरं हसली.
मी जागची हलले न्हाई. का? का न्हाई?

९ मार्च
कमल नाही. त्या दोघीही नाहीत.

१९ मार्च
साहेबांचा कागद. मुलींची हजेरी घटली, कारण कळवा. हेडमास्तर: "सुगीची कामं, असं लिहा."
मी लिहिलं: मुलींना संडास नाही. आम्ही केलेला आडोसा शाळेनंच जाळला. खाली सही.
"हे मी पुढं पाठवणार न्हाई. तुमची बदली होईल, बराबर समजून घ्या." कागद माझ्यापुढं टाकला.
उद्या रजा. मोटारीनं भोकरदनला स्वतः नेऊन देणार.
दुपारून कमलच्या घरी गेले, तिच्या आईला कागद वाचून दाखवला. तिनं पदराला हात पुसले. "माझा अंगठा बी घ्या त्याच्यावर." घेतला.
कमल दाराआड उभी होती. दोनदा हाक मारली. बाहेर आली न्हाई.