हलायचं नाही म्हणजे नाही

ती. सौ. ताईस,

भूकंपाचा साष्टांग नमस्कार. (हे नाव तूच ठेवलंस. आता आईसुद्धा "भूकंपा, जेवायला चल" अशी हाक मारते. तेवढं थांबव, ही कळकळीची विनंती.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आई ठणठणीत, बाबाही ठणठणीत, आणि मी सोडून घरात सगळं जागच्या जागी आहे.

तुला माहीतच आहे, बाबा महिनाअखेर पाट्या रंगवायचं दुकान बंद करताहेत. (लोकांना आता छापील पाट्या हव्यात, असं ते म्हणतात.) त्याआधी ब्रश धरलेला त्यांचा एक फोटो मला काढायचाय, मोठ्या फिल्मच्या त्या जुन्या कॅमेऱ्यावर, भिंतीवर लावता येईल असा. आता हा कॅमेरा म्हणजे विटेचा थोरला भाऊ. तो पोटाशी धरून वरून आत डोकवायचं, त्यात डावं ते उजवीकडे दिसतं, आणि बटण दाबलं की आतला आरसा असा खाडकन आपटतो की माझ्यासकट सगळं हादरतं. दुकानात उजेड जेमतेम, त्यामुळे शटर सावकाश उघडतं-मिटतं, आणि तेवढ्यात मी हललो की बाबांना दोन नाकं येतात. पहिला रोल धुणाऱ्या फोटोवाल्याने तोंड वर करून विचारलं, "चालत्या ट्रॅक्टरवरून काढलेत का हो?" असा राग आला म्हणून सांगू!

तू म्हणशील, स्टँड का लावत नाहीस? लावला ना! शिडी, डबे आणि बाबा यांच्यातून उरलेल्या जागेत त्याचे दोन पाय मावले, तिसरा लाल रंगाच्या डब्यात गेला. डबा आडवा, आणि रंग एका दंतवैद्याच्या तयार पाटीवर. असली रक्तबंबाळ पाटी बघून दात काढून घ्यायला कोण जाईल, तूच सांग. बाबा कडाडले, "मी जन्मभर ब्रश हातातच धरला ना? तूही हातातच धर! आपल्या घराण्यात कुणाचा हात असा थरथरत नाही." झालं. आता माघार नाही.

तेव्हापासून मी चहा सोडलाय. कॅमेऱ्याचा पट्टा मानेला ताणून, कोपरं बरगड्यांत खुपसून, दाराच्या चौकटीला पाठ टेकून श्वास रोखतो. (एकदा इतका रोखला की आईने तोंडावर पाणी मारलं. आणि चौकट बाबांनी त्याच सकाळी रंगवली होती, पण ते जाऊ दे.) एक युक्ती तर खुद्द बाबांचीच चोरलीय. हल्ली ते उजव्या मनगटाखाली डाव्या हाताचा आधार घेऊन अक्षरं काढतात, तसा मी कॅमेऱ्याखाली डावा तळवा घट्ट लावतो. काल असाच अख्खा रोल काढून धुवायला दिलाय. तोही हलला तर दुसरा काढीन, तिसरा काढीन, दुकानाला कुलूप लागेपर्यंत काढत राहीन. पण तो फोटो मी काढणारच.

तुझा (आता बऱ्यापैकी स्थिर)
धाकटा भाऊ

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच फोटो आले. ताई, मी हललो नाही! डब्यांवरची बारीक अक्षरं वाचता येतात, शिडीचे खिळे दिसतात, बाबांच्या भुवईतला पांढरा केस न् केस दिसतो. फक्त त्यांचा उजवा हात आणि ब्रश तेवढा पुसट आलाय. सगळ्याच फोटोंत. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मग मला रडूच आलं.

आणखी एक ता. क. : बाबांनी फोटो बराच वेळ हातात धरून पाहिला. मग म्हणाले, "परत हललास ना?" मी म्हटलं, "हो बाबा, हललो." तेव्हा वरची विनंती रद्द समज. रविवारी ये, आणि दारातूनच मला भूकंप म्हणून हाक मार. चांगली मोठ्याने, आत बाबांना ऐकू जाईल अशी.