बावीस पौंडांची मृगया

८ सप्टेंबर, सोमवार

आजचा दिवस आमच्या कुलवृत्तान्तात नोंदवण्याजोगा. सकाळी दहाला कंपनीने घोषित केले की विभागातील दोन मॅनेजरांपैकी एकच उरणार. दोन मॅनेजर म्हणजे मी आणि नागपूरचा सुहास. ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी अकरा वाजता, दोघांचा इंटरव्ह्यू; निर्णय विभागप्रमुख ग्रॅहमचा. नोकरी गेली की साठ दिवसांत देशत्याग, कारण सौ. अरुणा व चि. ऋजुता माझ्याच व्हिसाच्या छत्राखाली इंग्लंडात वास्तव्य करून आहेत. सुहासचा चेहरा उतरला. माझा नाही. सव्वादहाला ऑफिसच्या किचनमध्ये टी-बॅग पिळता पिळता ग्रॅहम मला म्हणाला की दर ऑक्टोबरात तो मित्रांसह स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जातो, आणि कधीतरी मीही आलेच पाहिजे. इतका आग्रह मला पुण्यात सख्ख्या मेव्हण्याने केलेला नाही.

संकल्प : इंटरव्ह्यू हा केवळ उपचार. खरी परीक्षा अरण्यात.

८ सप्टेंबर, सायंकाळ

अरुणेला वार्ता दिली. ती म्हणाली, अहो, ही माणसं असं म्हणतात. शेजारची मार्गरेट नऊ वर्षं मला म्हणतेय, चहाला ये एकदा. अजून तिच्या दाराची बेल वाजते कशी ते मला माहीत नाही.

स्त्रियांच्या आमंत्रणांचा आणि पुरुषांच्या मृगयेचा काय संबंध?

१० सप्टेंबर, बुधवार

ग्रॅहमचे कॅलेंडर पाहिले. ३ ऑक्टोबर, दुपारपासून : स्कॉटलंड. म्हणजे सकाळी इंटरव्ह्यू, दुपारी प्रस्थान. योजकतेला दाद दिली पाहिजे. मला त्यात टॅग केलेले नाही. सुहासला मत्सर वाटू नये ही दक्षता.

शस्त्राविना मृगया म्हणजे तबल्याविना तबलजी. संशोधनास प्रारंभ. घडीचा चाकू प्रथमदर्शनीच बाद. घडी म्हणजे बिजागरी, आणि बिजागरी म्हणजे चारित्र्यातील दौर्बल्य. अरण्यात टिकाव धरायचा तर फिक्स्ड ब्लेडच हवे. पाते मुठीच्या शेवटापर्यंत अखंड. मर्यादा चाळीस पौंड. यूट्यूबवरील एका दाढीधारी तपस्व्याला गुरू केले आहे. तो प्रत्येक चाकू उचलून म्हणतो, तुम्हाला आयुष्यात हा एकच पुरेल. आतापर्यंत असे अकरा झाले.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून गुरूंचे व्हिडिओ, सात तास. अरुणेने विचारले, इंटरव्ह्यूची तयारी कधी? मी म्हणालो, तीच चालू आहे. तेव्हा तिने सिंकखालून कोथरूडहून आणलेली विळी काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, मग हीच न्या की. हिचं पातं तर जन्मात हललेलं नाही. हरणाला म्हणावं, तूच जरा पुढे-मागे हो.

ऋजुता हसली. इथेच वाढलेली, सोळा वर्षांची झाली तरी मराठी व्याकरण तिच्या अंगी लागलेले नाही. म्हणाली, बाबा, तू व्हेजिटेरियन आहे ना? मग हरीणला काय करणार, सॉरी म्हणणार?

उत्तर देणे प्रतिष्ठेस शोभले नसते. मी कोणाचा वध करणार नाही. मी केवळ सुसज्ज असणार. नेतृत्व म्हणजे दुसरे काय असते?

१७ सप्टेंबर, बुधवार

सुहास डेस्कपाशी आला. सर, आपण दोघं मिळून तयारी करू या का, म्हणे. चौदा स्लाइड केल्या आहेत बिचाऱ्याने. दोन वर्षांचा मुलगा, बायको घरी, फ्लॅटचे भाडे. सगळे एका दमात सांगून मोकळा झाला. मला करुणा वाटली आणि मी ती आवरली. त्याला म्हणालो, ग्रॅहमला स्लाइडचा तिटकारा आहे, सगळ्या काढून टाक, रिकाम्या हाताने जा.

ग्रॅहमच्या आवडीनिवडी मला वस्तुतः ठाऊक नाहीत. परंतु ह्यास असत्य म्हणता येणार नाही. ही युद्धनीती.

२० सप्टेंबर, शनिवार

अंतिम फेरीत दोन उमेदवार. स्टेनलेस स्टील, अडतीस पौंड : गंजत नाही, पण निस्तेज. कार्बन स्टील, बावीस पौंड : धार जहाल, पाठीवर गारगोटी घासली तर ठिणग्या. गुरू मात्र तीनदा बजावतात की कार्बनला कोरडे ठेवा, तेल लावा, आंबट पदार्थ जवळ येऊ देऊ नका. तेल लावणे आमच्या संस्कृतीचा पायाच आहे. बावीसवाल्याची ऑर्डर दिली. सोळा पौंडांची बचत, हाही नेतृत्वगुण.

२४ सप्टेंबर, बुधवार

शस्त्र आले. कायद्याने असे पार्सल वयाचा पुरावा पाहूनच देतात. कुरिअरवाल्याने पासपोर्ट मागितला. पंचविशीच्या आतला वाटेल त्याला विचारावेच लागते, असे तो म्हणाला. मी एकावन्न वर्षांचा आहे. आरशात पाहिले. संध्याप्रकाशात माझ्या मुद्रेवर एक तारुण्य झळकते खरे. अरुणा म्हणाली, तो सगळ्यांनाच विचारतो, काल समोरच्या आजोबांनाही विचारलं.

समोरच्या आजोबांचीही प्रकृती उत्तम आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

बागेत सराव. ओंडक्यावर पाते ठेवून वरून दांडक्याने ठोकायचे, की लाकूड दुभंगते. लाकूड दुभंगले नाही. अंगठा दुभंगला. मार्गरेटने कुंपणावरून पाहिले, मांजर उचलले आणि आत नेले.

पट्टी बांधताना अरुणा म्हणाली, अहो, मी लॅबमध्ये मॅनेजरशी बोलले. हॉस्पिटल मला स्वतंत्र स्पॉन्सरशिप द्यायला तयार आहे. तुमचं काही झालंच, तर माझ्या व्हिसावर तुम्हा दोघांना घेता येईल.

मी तिला शांतपणे समजावले, की मी अवलंबित म्हणून जगणारा पुरुष नव्हे. रक्तलघवीच्या बाटल्यांवर नावे चिकटवणाऱ्या पगारावर आमचे घराणे तरणार असेल, तर त्यापेक्षा बुडालेले बरे. तिने गाठ जरा जास्तच आवळली. नंतर जेवतानाही बोलली नाही. थकली असावी.

२९ सप्टेंबर, सोमवार

लिफ्टमध्ये ग्रॅहम. मी सूचकपणे म्हणालो, शुक्रवारची वाट पाहतो आहे. तो म्हणाला, छान, मनःपूर्वक शुभेच्छा. आणि डोळ्यांनी काहीतरी सुचवले. किंवा लिफ्टमधील दिवा लुकलुकला. अर्थ एकच.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज शस्त्रपूजन. आजवर आम्ही ह्या दिवशी कात्री, स्क्रूड्रायव्हर आणि अरुणेची विळी पूजत आलो. प्रथमच घरात पूजनीय असे शस्त्र. चौरंगावर स्थापना. दूध, दही, तूप, मध, साखर अशा पंचामृताने यथासांग अभिषेक. वर ओली हळद, ओले कुंकू, झेंडू. पूजिलेल्या शस्त्रास दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून तसेच ठेवले.

ऋजुता म्हणाली, बाबा, त्या दाढीवाल्याने सांगितली होती ना, ड्राय ठेवायची? दही ॲसिडिक असते.

तो दाढीवाला शास्त्र जाणतो, धर्मशास्त्र नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पाते रात्रीतून तांबूस-काळे झाले. डागांमध्ये बारीक खड्डे. तज्ज्ञ ह्याला पाटिना म्हणतात. काही शौकीन ती मुद्दाम आणवतात. मला ती विनामूल्य लाभली. कुंकू खड्ड्यांत घट्ट बसले आहे, निघत नाही. एकंदर पाते अनुभवी दिसते.

इंटरव्ह्यूचे संभाव्य प्रश्न अरुणेने लॅबच्या ब्रेकमध्ये बसून टाइप करून पाठवले. सतरा आहेत. वाचेन.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ७

सीमोल्लंघन. पाठीवर रकसॅक : थर्मल, बेसनलाडू, शस्त्र. ऑफिसातून थेट स्कॉटलंड. अरुणा कामाला निघताना म्हणाली, अहो, चाकू तेवढा ठेवून जा, हात जोडते. मी नुसते स्मित केले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, सायंकाळी ६

तपशील यथाक्रम नोंदवतो. मन शांत आहे.

आमच्या वॉटफर्ड स्टेशनच्या दारात पोलिसांनी धातुशोधक कमान उभारली होती. ती माझ्यासाठी वाजली. कॉन्स्टेबल मुलगी, ऋजुतेहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने रकसॅक उघडून पाते बाहेर काढले आणि विचारले, हे लाल काय आहे. मी म्हणालो, कुंकू. तिने विचारले, कोणाचे. मी स्पष्ट केले, की आमच्या समाजात दर वर्षी ह्या सुमारास शस्त्रांची पूजा करतात. तिने वॉकी-टॉकीवर आणखी दोघांना बोलावले.

ठाण्यात कापसाच्या काडीने कुंकवाचा नमुना घेतला. लाडूंचाही घेतला.

अधिकारी सभ्य होता. म्हणाला, सार्वजनिक जागी असा चाकू बाळगायला सबळ कारण लागतं. ठरलेली शिकार हे कारण होऊ शकतं; कोण ओळखतं तुम्हाला तिथे? मी अभिमानाने ग्रॅहमचा नंबर दिला. वेळ अकरा वाजून दहा मिनिटे. ग्रॅहम तेव्हा इंटरव्ह्यूच्या खोलीत माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता. फोन स्पीकरवर होता.

ग्रॅहम म्हणाला, काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. कधीतरी ये असं मी बोललो असेन, पण तसं आपण म्हणतोच ना लोकांना. अधिकारी म्हणाला, हो, म्हणतो खरं. मग त्याने विचारले, हे गृहस्थ शिकार करतात का? ग्रॅहम म्हणाला, माझ्या समजुतीप्रमाणे ते चिकनच्या शेजारी ठेवलेलं सँडविचसुद्धा खात नाहीत.

कोणीतरी हसले. कोणत्या बाजूने ते कळले नाही.

शेवटी एका कागदावर गुन्हा मान्य केल्याची सही घेतली. त्याला कॉशन म्हणतात. म्हणजे सावधगिरीचा मैत्रीपूर्ण सल्ला. शस्त्र सरकारजमा. लाडू परत मिळाले. एक कमी होता.

घ्यायला अरुणा आली, शिफ्ट अर्धी सोडून. बसमध्ये तिने एवढेच विचारले, ते सतरा प्रश्न वाचले होते का. मी म्हणालो, सवडीने वाचणार होतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

पद सुहासला.

तो स्वतः माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, सर, तुम्ही सांगितलं म्हणून सगळ्या स्लाइड काढल्या. ग्रॅहम म्हणाला, बरं झालं, मला त्यांचा फार कंटाळा येतो. तुमच्यासारखं मन कुणाचं नसतं, सर. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आणि वाकून पाया पडला. ओपन प्लॅन ऑफिसात. ग्रॅहमने काचेआडून पाहिले आणि पडदा ओढून घेतला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एक वकीलबाई भेटल्या. वीस मिनिटे. त्यांनी कॉशनची निराळीच व्याख्या सांगितली. ती पोलिसांच्या नोंदीत राहते. व्हिसाच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते. नकार आलाच पाहिजे असे नाही, पण अर्ज रेंगाळू शकतो, आणि सोबत जोडलेल्यांचेही प्रश्न वाढतात. विशेषतः चाकू. विशेषतः लाल डाग असलेला.

मी त्यांना पाटिना म्हणजे काय ते समजावू लागलो. अरुणा म्हणाली, अहो, पुरे.

१ नोव्हेंबर, शनिवार

बरेच चिंतन केले. अवलंबित होण्यात वस्तुतः गैर काही नाही. शंकर हिमालयात सासऱ्याच्याच प्रदेशात राहतो. पत्नीच्या यशात पतीची तपश्चर्या असतेच. अरुणेच्या लॅबचा व्हिसा, तिच्या छत्राखाली ऋजुता आणि मी, अशी पुनर्रचना मी स्वतःहून सुचवली. मोठ्या मनाने.

अरुणा भांडी पुसत होती. म्हणाली, अर्ज मी भरतेच आहे. ऋजुताचं जीसीएसईच्या परीक्षेचं वर्ष आहे.

माझा पासपोर्ट तिने मागितला नाही. आठवण राहिली नसेल. मीच नेऊन फ्रिजवर ठेवला, दिसेल असा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्ज आज गेला. लॅपटॉप उघडाच होता म्हणून प्रत पाहिली. अर्जदार : अरुणा. अवलंबितांची संख्या : एक.

मी म्हणालो, टाइप करताना चूक झालेली दिसते.

ती म्हणाली, नाही.