कॅरेटचा किल्ला

१२ फेब्रुवारी
निर्णय झाला. समीक्षाचा सहावा वाढदिवस, दोन मार्च, ठोकळ्यांच्या थीमवर. एकमेकांत खटकन बसणारे ते प्लॅस्टिकचे ठोकळे पोरीला जिवापाड आवडतात. केक ठोकळ्यांचा आणि अंगणात ठोकळ्यांचा भलामोठा किल्ला. आमच्या उंद्री गावात असं कोणी केलेलं नाही.

बायकोने, संजीवनीने, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, शेखरदादाचा फोन होता. तिचा हा भाऊ बुलढाण्याला कोर्टात क्लार्क आहे. समीक्षाला पहिलीपासून आमच्याकडे शिकायला ठेवा म्हणतो. मी साफ नाही म्हणालो. पोरगी माझ्याशिवाय एक दिवस राहत नाही. खरं तर मीच राहत नाही, पण ते बोलायची गरज नव्हती.

‘एक गोष्ट तरी बोलल्यावानी करून दाखवा,’ संजीवनी म्हणाली. ‘मंग इथंच ठेवू तिले.’

सोपी अट आहे. मागच्या वाढदिवसाला जादूगार आलाच नाही, ती त्याची चूक. फोन करायचा राहिला हा वेगळा विषय.

१६ फेब्रुवारी
ऑनलाइन ठोकळे पाहिले. त्यात किल्ला कोंबडीच्या खुराड्याएवढा होईल. अंघोळ करताना आयडिया आली. टमाटे भरायचे प्लॅस्टिकचे कॅरेट! गावात घरोघरी पडलेत. वरून ऑइल पेंट मारायचा, त्यावर कागदी वाट्या उलट्या चिकटवायच्या. हुबेहूब ठोकळा. डोकं आहे मला, फक्त लोक वापरू देत नाहीत.

२१ फेब्रुवारी
आज कॅरेट गोळा करणार होतो. ऊन फार.
समीक्षाने शाळेत सांगून टाकलं की पप्पा खरा किल्ला बांधणार आहेत. तिच्या बाईसुद्धा येणार. आधी मला विचारायचं होतं. पण प्रेशर असलं की माझं काम उत्तम होतं.

२५ फेब्रुवारी
शेखरदादांना आमंत्रण दिलं. बघू देत एकदा डोळ्यांनी.
कॅरेटचं उद्या.

२८ फेब्रुवारी
कॅरेट मिळाले. शेजारचे उकंडरावकाका, त्यांचे भाऊबंद, सगळ्यांनी दिले. सगळ्यांचं एकच म्हणणं, दोन तारखेला टमाट्याचा तोडा आहे, संध्याकाळी टमाटे भरून गाडी मंडीत न्यायची, त्याआधी माल ठेवायला कॅरेट पाहिजेत. म्हटलं, बिनधास्त राहा. केक चार वाजता कापणार, पाचला कॅरेट तुमच्या दारात.

१ मार्च
दिवसभर रंग. लाल, पिवळा, निळा. लोकांनी कॅरेटवर काय काय काढून ठेवलेलं! कोणाचं नाव, कोणाचा त्रिशूळ, कोणाचा नुसता पांढरा ठिपका. फार गबाळं दिसत होतं. दोन-दोन हात मारले, एक खूण दिसत नाही आता.
समीक्षा जवळ बसून होती. सारखी विचारत होती, पप्पा, होईन ना? म्हटलं, झालंच समज. मग रंगाचा दुसरा डबा उघडला.

२ मार्च, दुपारी ३
किल्ला उभा आहे! रंग थोडा चिकट आहे. वाळेल.

सव्वापाच
केकवाला चिखलीहून निघालाय म्हणतो. तासाभरापासून निघालाय. पाहुणे बसलेत. शेखरदादा वेळेवर आले, त्यांना दुसरं काम काय. संजीवनी पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा देतेय. फाटकापाशी उकंडरावकाका उभे आहेत. टमाटे शेतात उघड्यावर पडलेत म्हणे.

३ मार्च
काल पुढे लिहवलं नाही.
काका किल्ल्याभोवती दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, ‘गोपाल, माह्या कॅरेटवरची खून कुठं गेली बे?’
मग बाकीचे आले. कोणाचे कॅरेट नवे, कोणाचे तडकलेले, आणि आता सगळे सारखे. तडकलेला घ्यायला कोणी तयार नाही. लोक नखांनी, विळ्याने रंग खरवडायला लागले. खालचा एक ओढला आणि किल्ला धाडकन खाली आला. केक अजून यायचाच होता. ओल्या रंगाने पोरांचे कपडे लाल-निळे.
तेवढ्यात समीक्षा ओट्यावर चढली. ‘पडला नाही थो. पप्पानंच पाडाले सांगतलं. खेळ हाय हा.’
पोरं ओरडत उरलेल्या भिंतीवर तुटून पडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. शेखरदादांनाही क्षणभर खरं वाटलं असावं. माझे तर डोळे भरून आले. संजीवनीला म्हणालो, बघ, पोरगी माझ्यावर गेली. किती सफाईनं सांभाळून घेतलं.
ती फरशीवरचा रंग पुसत होती. वर न बघता म्हणाली, ‘म्हनूनच पाठवून राह्यले तिले.’

२० जून
दोघींना बुलढाण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. संजीवनी तिला पोचवून परत येणार.
समीक्षाने खिडकीतून विचारलं, रविवारी भेटाले येसान? म्हणालो, येणार म्हणजे येणारच.
तिने आईकडे बघितलं.