आठवी ड शांत आहे

८ जाने. ८८
बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी आठवी ड पदरात पडली. पदरात कसली, अंगावर. मी नाव सांगायच्या आधीच एकाने विचारलं, "तुम्ही किती दिवस, बाई?" मग बाकं वाजली. मागून कोणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारातून बघून गेल्या. ऑफिसात म्हणाल्या, वर्ग सांभाळलात तर जूनमध्ये कायम करायचं बघू. घरी सासूबाई म्हणाल्या, बघू म्हणजे नाहीच.

१३ जाने.
पट्टी, उठाबशा, अंगठे धरणं. सगळं झालं. मेल्यांना मार खायला मजा वाटते. घसा बसला. सासूबाई खूश.

१८ जाने.
सापडलं! कोपरच्या खाडीकडच्या कोळ्यांची मंदा. अख्ख्या वर्गाची लाडकी, डब्यातला जवळा सगळ्यांना वाटते. जाहीर केलं, कोणीही बोललं तरी पट्टी मंदाला. हसले. दोन बसल्यावर थांबले. ती रडली नाही, हात स्कर्टला पुसून परत पुढे केला. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.

२९ जाने.
वर्ग चिडीचूप. मो. बाईंनी स्टाफरूममध्ये नाव घेतलं, गुरुवारी तासाला येऊन बसणार. गणिताचे सर विचारत होते, काय जादू केलीत? म्हटलं, माया लावावी लागते.

४ फेब्रु., गुरुवार
मो. बाई मागच्या बाकावर. धडा अर्धा झाला आणि कोंबडा आरवला. मग बाकं. सगळी. मी तोंड उघडायच्या आत मंदा पुढे आली, हात पसरला.
"मना मारा, बाय. रोजच्यासारखं."
वर्ग एकदम गप्प. कार्ट्यांनी ठरवून केलं. तिला विचारून की न विचारता, कळलं नाही. नाही मारली तर वर्ग गेला, मारली तर नोकरी. मागून मो. बाई, अगदी सौम्य आवाजात:
"थांबलात का? रोज करता ते करा."
मारली. जोरात. मो. बाई उठून निघून गेल्या.

५ फेब्रु.
ऑफिसातून निरोप नाही. शिपाई दोनदा दारावरून गेला, दोन्ही वेळा मी खडू खाली ठेवला. मंदा आली नाही. वर्ग गप्प, पण नजर माझ्यावर. सासूबाई विचारतात, काय झालं जूनचं?
मंदानंतर त्यांची लाडकी कोण, ते मधल्या सुट्टीत बघून ठेवलंय.