सहाशे बारा चिठ्ठ्या

प्रिय धाकट्या,

तुला आमदारसाहेब म्हणणाऱ्यांची काही कमी नाही, तेव्हा मी आपली जुन्या हाकेवरच राहते. माझं अक्षर पाहून घाबरला असशील, तर आधीच सांगते, सगळे धडधाकट आहेत. आपलं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं. फोनवर मला हे सांगता येणार नाही, आणि समोर उभी राहिले तर आधी तुझ्या शर्टाच्या कॉलरवरून तुला बोलेन आणि मुद्दा राहून जाईल. मला माझा भाऊ परत हवा आहे. त्यासाठी एक गोष्ट कबूल करायची आहे, पण ती लगेच जमायची नाही. इंजेक्शन द्यायच्या आधी मी पेशंटशी इकडचं तिकडचं बोलत राहते, तसं जरा बोलू दे. या वेळी सुई मलाच टोचून घ्यायची आहे.

काल सकाळी तुझं पत्रक दाराखालून आत आलं. चष्मा न लावताच वाचायला घेतलं आणि पहिल्या ओळीलाच चष्मा शोधायला धावले. प्रसूती विभाग हलणार नाही, आठ खाटा आणि दोन्ही पाळ्यांच्या नर्स इथेच राहणार! तीनदा वाचलं. तसंच हातात धरून दवाखान्यात गेले, तर तिथे माझ्या आधीच बातमी पोचलेली. वॉर्डातल्या मावशींनी ते पत्रक चादरींच्या कपाटावर चिकटवून टाकलं होतं, तेही माझ्या ड्युटीच्या तक्त्यावर, त्यामुळे कोण कधी कामावर आहे हे दुपारपर्यंत कुणालाच कळलं नाही. एरवी मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. काल मात्र त्यांच्या शेजारी उभी राहून मीही चौथ्यांदा वाचलं. तेहतीस वर्षं मी ज्या खोलीत बाळं हातात घेतली, ती खोली राहिली. धाकट्या, तुझे आभार. आपण भावंडं एकमेकांना आभारबिभार म्हणत नाही, पण आज म्हणते.

खरं सांगू का, या पत्रकाची मी फार थट्टा केली आहे. तू पहिल्यांदा निवडून आलास आणि म्हणालास की दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक दारात एक कागद जाईल, विधानसभेत मी काय बोललो, कशाच्या बाजूने हात वर केला, सगळं त्यात असेल. मी म्हटलं होतं, चार महिन्यांत हौस फिटेल. पंधरा वर्षं झाली. त्यातला ‘चुकलं ते’ हा रकाना तर मला वेडेपणाच वाटायचा. कुठला आमदार आपल्या चुका स्वतः छापून घरोघर वाटतो? तू मात्र त्या वाटल्यास. टाकी धुवायची म्हणून मंगळवारी पाणी नाही असं तू छापलंस, आणि धुतली बुधवारी. लोकांनी मंगळवारी पिंप-बादल्याच काय, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या आणि बुधवारी सगळे कोरडे! पुढच्या महिन्यात तू चूक छापलीस, वर घरचा फोन नंबर दिलास. तुझी बायको अजून सांगते, आठवडाभर तुमच्या घरी कुणाला एक घास सलग खाता आला नाही. पण पत्रकानंतरच्या रविवारी तू जी सभा घेतोस, तिला त्या महिन्यात शाळेचा हॉल पुरला नाही, हेही तीच सांगते. आईला या सगळ्याचं नवल नव्हतं. याच्या तोंडात लहानपणापासून तीळ भिजत नाही, म्हणायची. शेजारच्यांची काच फोडलीस तेव्हा कुणी विचारायच्या आत तू तीन घरी जाऊन सांगून आला होतास, आणि त्यांतल्या दोन घरांचा त्या काचेशी काही संबंधही नव्हता.

म्हणूनच विभाग बंद करून मोठ्या इस्पितळात हलवायचा प्रस्ताव आला, तेव्हा तू तो लगेच छापलास, आणि मला, तिथल्या हेडसिस्टरला, तो दाराखालून कळला. सख्ख्या बहिणीला आदल्या दिवशी एक फोन नाही! माझा तिळपापड झाला. आज कळतं, तू मला आधी सांगितलं असतंस तर लोक म्हणाले असते, आमदाराच्या घरच्यांना सगळं आधी कळतं, आपल्याला उरलंसुरलं. तेव्हा एवढा विचार करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. आईला जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यात कामही जाणार. रविवारी सभेला आले. दोनशे माणसं होती. तू सांगत होतास की अजून काही ठरलेलं नाही, आपण मिळून थांबवू, माझ्यावर विश्वास ठेवा. आणि मी मधल्या रांगेतून उठून म्हणाले, “जो स्वतःच्या आईच्या शेवटच्या वेळी सभा सोडून आला नाही, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवायचा?” तू माझ्याकडे पाहिलंस. तोंड उघडलंस, मिटलंस, आणि पाण्याचा घोट घेऊन म्हणालास, “पुढचा प्रश्न कुणाचा आहे?”

त्यानंतर काय झालं ते मला ठाऊक आहे, मी लपूनछपून चौकशी करत होते. पुढच्या सभेला एकोणीस माणसं आली. दुसरा कुणी असता तर पत्रक बंद करून मोकळा झाला असता. तू पुढच्या पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवलीस आणि वर एकच प्रश्न छापलास: तुमच्या दारापासून मोठ्या इस्पितळाच्या दारापर्यंत जायला किती वेळ लागतो? स्वतः जाऊन पाहा, लिहा, आणि प्रसूती विभागातल्या पेटीत टाका. पेटी पाठवलीस ती ‘माननीय हेडसिस्टर यांस’ अशा सरकारी चिठ्ठीसकट. मी ती चिठ्ठी फाडली. पेटी फेकून द्यायचा धीर झाला नाही.

पहिला आठवडा पेटी रिकामी होती. मग आपले मिनिटकाका आले, ते निवृत्त पोस्टमन, ज्यांच्या जाण्यायेण्यावर गल्ली घड्याळं लावते. म्हणाले, “तुझ्या भावाशी माझं पटत नाही, पण प्रश्न बरोबर आहे.” पोटाला उशी बांधून ते बसने गेले होते! अवघडलेल्या बाईला चढायला-उतरायला किती वेळ लागतो ते कळायला नको का, हा त्यांचा हिशेब. एक तास सात मिनिटं, आणि कुणीही जागा दिली नाही, असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं. ही बातमी फुटली आणि लोकांना चेवच चढला. कुणी रिक्षाने गेलं, कुणी सायकलने, एक सासूबाई सुनेला बरोबर घेऊन चालत गेल्या आणि वाटेत दोघींचं भांडण मिटलं, तेही चिठ्ठीत लिहून आलं. न्हाव्याने लिहिलं, पाऊण तास, बायको ओरडत असेल तर दिवसभर. रोज काम संपलं की मी आणि मावशी चिठ्ठ्या लावून ठेवायचो. सहाशे बारा झाल्या. तू त्या विधानसभेच्या समितीपुढे एकेक करून वाचायला लागलास, आणि दोनशेच्या पुढे त्यांनीच हात जोडले म्हणे. कालच्या पत्रकात लिहिलंस, हे मी केलेलं नाही, या चिठ्ठ्यांनी आणि त्या जपणाऱ्या हेडसिस्टरनी केलं. ते वाचलं आणि पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून फिरणारी मी, औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

दुपारी सात नंबरच्या खाटेवरची मुलगी बाळाला पाजत होती. दोन दिवसांचं बाळ, काळंभोर जावळ. मला म्हणाली, “सिस्टर, तुमच्या भावामुळे वॉर्ड राहिला. हुशार माणूस आहे.” मी खुशीत उशी सारखी करत होते, तोवर पुढे म्हणाली, “पण आमच्या घरची मतं या वेळी त्यांना नाहीत. आईजवळ नव्हते ना ते. मीही आता आई झालेय, मला नाही ते चालायचं.” तिचा काय दोष? तिला हे मीच शिकवलं होतं. मी तिचा ताप घेतला, आणि आकडा वहीत लिहिला तोही चुकीचा.

धाकट्या, आता सांगते. आई गेली त्या रविवारी दुपारी तीन वाजता तू हॉलमधून मला फोन केला होतास. आईची तब्येत ठीक वाटत नसेल तर सभा सोडून आत्ता निघतो म्हणालास. आणि मी, एवढ्या वर्षांची नर्स, आईचा हात हातात घेऊन तुला म्हणाले, “नाडी चांगली आहे, आज काही होत नाही. लोकांना ताटकळत ठेवू नकोस, संपवून सावकाश ये.” चार वाजता आई गेली. माझा अंदाज चुकला होता. परक्या माणसांच्या बाबतीत कधी चुकले नाही, आईच्या बाबतीत चुकले, आणि ते मला स्वतःशीसुद्धा कबूल करवेना, म्हणून मी ते तुझ्या अंगावर टाकलं, दोनशे माणसांसमोर. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं, “ताईनेच मला थांबायला सांगितलं.” हॉल पुन्हा तुझा झाला असता. पण मग उद्यापासून कुठल्या बाईने माझ्या हाताखाली निर्धास्त झोपायचं, हा विचार तू तिथे उभ्या उभ्या केलास, हे मला कळायला वर्ष लागलं. पंधरा वर्षांत तू लोकांपासून एकच गोष्ट लपवलीस, धाकट्या, आणि ती चूक माझी होती. या रविवारी मी सभेला येणार आहे आणि सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. मी उभी राहिले की मला अडवू नकोस, आणि ‘पुढचा प्रश्न कुणाचा’ असं म्हणू नकोस.

तुझीच,
चुकलेली आणि तुझी फार ऋणी असलेली
ताई