चावा खरा होता

पिंप्राळा, जळगाव
२८ मार्च १९९९

प्रिय वच्छला,

तू पाठवलेलं पार्सल काल एस.टी. स्टँडवरून आणलं. पाच किलो दादर ज्वारी, उडदाचे दीडशे पापड आणि वर ठेवलेलं तुझं पत्र, सगळं नीट पोचलं. पार्सलचे अकरा आणि रिक्षाचे आठ, असे एकोणीस रुपये लागले. नवरा गेल्यावर सासूला कोण एवढं पाठवतं? पापड अजून बांधलेलेच आहेत. सोडायचा धीर होत नाही.

अखाजीच्या सणानंतर तुझं दुसरं लग्न ठरलं, जामनेरची माणसं साधी आहेत, नवरदेवाला पहिल्या बायकोची एक लहान मुलगी आहे, हे वाचून देवापुढे साखर ठेवली. पण पुढे तू लिहिलंस की माझ्या भटूचा आजार त्यांच्यापासून लपवला नाही, माकड चावल्यामुळे झाला असं सांगितलं, मी दिलेलं पेपरचं कात्रणही दाखवलं आणि त्यांची शंका फिटली. ते वाचल्यापासून पोथी उघडली नाही.

चावा खरा होता. भटू केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जायचा, तेव्हा मथुरेच्या स्टेशनात घड ओढणाऱ्या माकडानं त्याच्या मनगटाला दात लावले होते. तुझ्या लग्नाआधीची गोष्ट. आम्ही हसलो होतो. शेजारच्या द्रौपदाबाई म्हणाल्या होत्या, अक्का, केळीवाल्याला माकड नाही तर काय वाघ चावेल? पुढे तो खंगत गेला आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं. माकडाचं मी विचारलं, तर त्याचा काही संबंध नाही, माणसाकडूनच आलाय, म्हणाले. सूनबाई कुठे आहेत, त्यांचंही रक्त तपासायला हवं, असं म्हणाले. मी सांगितलं, माहेरी गेलीय. तू बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होतीस.

आठ दिवसांनी पेपरात आलं की या आजाराचं मूळ आफ्रिकेतल्या माकडांत आहे. मला वाटलं, मारुतीरायानंच अब्रू राखायची वाट दाखवली. कात्रण गल्लीत दाखवलं, तुझ्या भावाला दाखवलं, तुझ्या हाती दिलं. सगळ्यांना पटलं. मग शनिवारी देवळामागे येणाऱ्या वानरांना फुटाणे घालायचे बंद झाले, पोरं दगड मारायला लागली. पिलू पोटाशी धरलेली एक वानरीण पारावर मरून पडली, तेव्हा मी दार लावून घेतलं. जन्मभर शनिवार धरणारी मी.

गेल्या महिन्यात पेपरात पुन्हा तेच आलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. तिकडच्या जंगलात चिंपांझी असतो, मोठा, बिनशेपटीचा. त्याची शिकार करून मांस कापताना कुणाच्या तरी जखमेत त्याचं रक्त गेलं असावं, पुष्कळ वर्षांपूर्वी. तिथून पुढे माणसाकडून माणसाला, रक्तातून, सुईतून, नवऱ्याकडून बायकोला, आईकडून पोटातल्या लेकराला. आपल्याकडच्या वानरांचा त्यात काही हात नाही. मी हे पापाचं फळ समजून झाकत होते, आणि ज्याला पहिल्यांदा झाला तो बिचारा पोटासाठी शिकार करणारा. त्याच्या आईला तर नावही कळलं नसेल. मला नाव ठाऊक होतं, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. भटू दिल्लीत कुठे उतरायचा, ते मी त्याला कधी विचारलं नाही. पण तू माझ्या घरात होतीस, माझ्या हातचं खात होतीस, आणि मी दोन वर्षं गप्प राहिले.

म्हणून हे लिहितेय. हळद लागायच्या आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. तू हो म्हणालीस तर मी तुझ्याकडे धुळ्याला सोबतीला येते, नाही तर भावजयीला घेऊन जा. जामनेरकरांना मी समोर बसून सांगेन, खोटं माझं होतं, पोरीला काही ठाऊक नव्हतं. निकाल चांगला आला तर देवाची कृपा. वाईट आला तर त्यात तुझा तिळभर दोष नाही, आणि भावानं ठेवून घेतलं नाही तर हे घर आहे. सोबत माझा पत्ता घालून आंतरदेशीय पत्र ठेवलंय. माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, नको बोलूस. तपासायला कधी जातेस, तेवढं मात्र उलट टपाली लिही.

तुझीच,
रुक्माबाई