हिरव्या टिकलीचं पुस्तक

प्रिय टॅमझिन,

यंदाची सहा पुस्तकं मंगळवारी आली. टपालवाला ब्रेट खोकं दारात ठेवत म्हणाला, "सत्तरी आली मिसेस पॅस्को, अजून पोरासोरांचीच पुस्तकं वाचताय?" मी म्हटलं, मोठ्यांच्या पुस्तकांत सगळे घटस्फोट घेतात नि वाइन पितात, निदान या पोरांना काहीतरी हवं असतं. किशोर कादंबऱ्यांच्या पुरस्काराची अंतिम यादी लागली की तू तिकडे ॲडलेडमध्ये आणि मी इथे, दोघींनी सहाही वाचायच्या आणि निकालाआधी कडकडून भांडायचं, हे आपलं बारा वर्षांचं व्रत. तेव्हा आधी तेच उरकते.

ऑयस्टरच्या शेतीवरची टास्मानियातली कादंबरी पहिली शंभर पानं झकास आहे, मग लेखक समुद्राच्या प्रेमात पडतो आणि माणसांना विसरतो. दुष्काळानंतरच्या भविष्यातली जी आहे, तीत जग संपलंय तरी सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. डार्विनच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाची गोष्ट अख्खी कवितेत लिहिलेली आहे. ती आवडून घ्यायची नाही असं ठरवूनच बसले होते आणि ऐंशीव्या पानावर रडले. बक्षीस तिलाच मिळायला हवं, म्हणजे मिळणार नाही. पुढच्या दोन बऱ्या आहेत, त्यांच्यावर भांडण्यात अर्थ नाही. सहावी मात्र मी दोनदा खाली ठेवली. तीत एक मुलगी आईशी बोलत नाही, आणि तिला जे ठाऊक आहे ते खरं नाही. ते पुस्तक वाचून संपवायला मला चार दिवस लागले.

आता गावची बातमी. तुझ्या आईने घर विकलं. तुझे वडील जाऊन वर्ष झालं, आता लीअॅन केर्न्सला बहिणीकडे कायमची चालली आहे. तू चौदा वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. तिची वाढदिवसाची कार्डं तू न उघडता परत पाठवतेस, तेही मला माहीत आहे. कार्ड परत आलं की ती माझ्याकडे चहाला येते आणि आज कार्ड आलं परत, एवढंच सांगते. तक्रार नसते. मग मी विषय बदलते. विषय बदलण्यात मी पटाईत आहे, ते तुला आता कळेलच.

तू आठवीत होतीस तेव्हाच्या यादीतलं ते पुस्तक तुला विसरता येणार नाही. शाळेच्या ग्रंथालयात वरच्या वर्गांच्या पुस्तकांवर मी हिरवी टिकली लावायची आणि दहावीच्या आतल्या मुलांनी ते नेताना पालकांच्या सहीची चिठ्ठी आणायची, हा माझाच नियम. मला त्याचा फार अभिमान होता. तू चिठ्ठी आणलीस. सही वेडीवाकडी, पाच वर्षांच्या पोराने काढल्यासारखी. मी तुझ्याकडे पाहिलं, तू नजर चुकवलीस. पुस्तक दिलं खरं, पण मनात म्हटलं, कार्टी मला फसवते काय.

तुझ्या आठवणीतली गोष्ट अशी, की ते पुस्तक तू आणि आई आळीपाळीने वाचत होतात आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात लपवत होतात. ती जागा फक्त तिला ठाऊक होती. एक दिवस तू घरी आलीस, तर वडिलांनी ते चुलीत घातलेलं आणि गाडीच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकलेल्या. तू आईला विचारलंस, आणि ती म्हणाली, "हो, मीच सांगितलं." त्यानंतर तू तिच्याशी कामापुरतं बोललीस आणि सतराव्या वर्षी निघून गेलीस.

टॅमझिन, तिने सांगितलं नाही. मी सांगितलं. पुस्तक जळालं त्या दिवशी दुपारी मी सहीची खात्री करायला तुमच्या घरी फोन लावला आणि तुझ्या वडिलांनी उचलला. तेव्हाच ठेवायला हवा होता. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "काय आहे हो त्या पुस्तकात?" आणि पुस्तकाची गोष्ट कोणी विचारली की माझी जीभ टाळ्याला लागत नाही. एक बाई मुलीला गाडीत घालून नवऱ्याचं घर सोडते, कुठून कुठे जाते, वाटेत काय खाते, सगळं सांगितलं. वर शिफारसही केली. त्यांनी आभार मानले आणि घर पालथं घातलं.

शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर लीअॅन कँटीनमध्ये डाव्या हाताने सॉसेज भाजत होती. उजवा हात दोन आठवड्यांपासून प्लास्टरमध्ये. सही तिचीच होती, डाव्या हाताने केलेली. पायरीवरून पडले, असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि सोयीचं म्हणून आम्ही सगळे ते मानत होतो. मी तिला म्हटलं, टॅमझिनला मी खरं सांगते. तिने सॉसेज उलटलं आणि म्हणाली, "नका सांगू. त्या घरातून बाहेर जायला तिला एकच जागा आहे, ती तुमच्याकडची. तुमच्यावर रुसली तर कुठे जाईल? माझ्यावर रुसू दे, मी तर आहेच घरात." आणि मी हो म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं असं मी अठरा वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तू रोज माझ्याकडे येत राहिलीस, आणि मला ते आवडत होतं.

लीअॅनला या पत्राचा पत्ता नाही. तिचं पाकीट तू उघडत नाहीस. हे यादीबद्दलचं आहे असं समजून उघडशील, म्हणून त्या सहा पुस्तकांनी सुरुवात केली. येत्या गुरुवारी ती अकराला बसने ॲडलेडला पोचेल आणि तिचं विमान चारला आहे. मधले पाच तास ती विमानतळावर एकटी बसणार आहे. तिथल्या कॉफीला ती नावं ठेवेल, ठेवू दे. माझ्याशी भांडायला तुला उरलेलं आयुष्य आहे, आणि तू भांडलीस तर मी विषय बदलणार नाही. पण आधी गुरुवारी जा. तुला एक तरी दार उघडं राहावं म्हणून तिने तुला माझ्या हवाली केलं होतं. मी तुला तिच्याकडे परत करते आहे.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझीच,
नोलीन पॅस्को